कानाचे एक्कावन्न रुपये

चौऱ्याहत्तर सालचा दसरा, सकाळची वेळ, चिखलीचा घाट, रक्कम अठराशे एक्कावन्न, आणि हजर तिघंच: नाव विकणारा नामदेव नावाडी, माझी बायको कमल आणि मी. एवढं आधी लिहून घ्या, कारण पुढचं सगळं त्या एक्कावन्नावरून झालं.

आम्ही मूळचे मावळातले. बासष्ट साली मी पिंपरीला आलो, प्रेस शॉपला चिकटलो, बारा वर्षं पत्रा कापला, आणि मग कंपनीला टाळं लागलं. हिशेबाचे पैसे हातात आले, त्यांचं काय करावं, तर इंद्रायणीच्या पलीकडची माणसं इकडं कारखान्यांत यायची, पूल लांब, आणि नामाभाऊची नाव होती, लाकडी, विहिरीवरचं डिझेल इंजिन बसवलेली, ती त्याला आता वयानं झेपत नव्हती. कमल म्हणाली, अहो, पोहता तरी येतं का तुम्हाला. मी म्हटलं, मशीन कळतं ना, नावेत दुसरं असतं काय.

आता त्या नावाड्यांची एक रीत होती. नावेची किंमत द्यायची, पण वरचे एक्कावन्न लगेच द्यायचे नाहीत. त्यांना कानाचे पैसे म्हणायचे. विकणारा पावसाळाभर रोज नावेत बसणार, आणि घेणारा इंजिनाकडं पाठ करून कुठला आवाज कशाचा ते बिनचूक सांगायला लागला की मग ते पैसे घेऊन उतरणार. तोवर नाव दोघांची. काय सांगू तुम्हाला, मला देणं ठेवून झोप लागत नाही. मी सगळे पैसे तिथंच त्याच्या हातात कोंबले. तो म्हणाला, आरं शंकर, हे आत्ता घ्यायचं न्हाई. मी म्हटलं, भाऊ, व्यवहार पुरा झालेला बरा. त्यानं माझ्याकडं बघितलं, नोटा कनवटीला लावल्या आणि घाट चढून गेला.

हिवाळा, उन्हाळा नाव मुकी होती. आषाढात पाणी चढलं आणि ती बोलायला लागली. फळ्या कुरकुरायच्या, तळाखालून काहीतरी खरखरत जायचं, इंजिनाला मध्येच धाप लागायची. पारूबाई म्हणून एक होती, पलीकडून कारखान्यात झाडलोटीला यायची, ती म्हणायची, कंपनीवाले, भोंगा झाल्याबिगर नाव सोडत न्हाई का तुमी. सगळे हसायचे, मीही हसायचो, पण कान इंजिनाकडं. विचारू कुणाला? ज्याला विचारायचं त्याला मीच पैसे देऊन उतरवलेलं. नाव बंद ठेवावी तर घरात तीन पोरं. कमल म्हणाली, भाऊंना बोलवा. मी म्हटलं, कुठल्या तोंडानं.

श्रावणात, भर पुरात, नाव माणसांनी भरलेली, मधोमध आलो आणि मागं ठक् झालं. परत ठक्, ठक्, लोखंड लाकडावर. प्रेसवरची सवय अशी की आवाज बदलला की आधी मशीन बंद, मग काय ते बघायचं. तसं केलं म्हणून तर माझी दहाही बोटं शाबूत आहेत. हात आपोआप गेला आणि मी इंजिन बंद केलं. तेव्हा कळलं नदीचा आवाज केवढा असतो. नाव आडवी झाली, खाली बंधारा. हँडल मारायला गेलो तर घाईत उलटा झटका बसला, मनगट मोडलं. पारूबाई म्हणाली, भाऊ, माझी पोरं लहान हायेत. ओरडली नाही, पत्ता सांगावा तसं सांगितलं. मी म्हटलं, धरून बसा. कशाला धरणार हो? बंधाऱ्याच्या अलीकडं एक बुडालेली बाभळ होती, तिच्यात नाव घुसून अडकली. लोकांनी दोर टाकून एकेकाला ओढलं. हात सगळ्यांचे फाटले, माणसं वाचली.

दुसऱ्या दिवसापासून घाटावर कुणी नाही. सगळे लांबच्या पुलानं चालत जायचे, पारूबाईसुद्धा. मी हात गळ्यात बांधून रिकाम्या नावेत बसायचो. कमल वर्कशॉपवाल्यांच्या भाकऱ्या थापायला लागली, त्यावर चूल पेटायची. आपण पोरांच्या तोंडचं पाण्यात घातलं, हे एकच डोक्यात.

मग एका सकाळी नामाभाऊ आला. एक्कावन्न रुपये फळीवर ठेवले. म्हणाला, हे माझं नव्हतं. मग म्हणाला, ठक् ठक् ना? सुकाणूची खीळ ती. पाण्याला ओढ असली की वाजती. माझ्या बापाच्या वक्तापास्नं वाजती. वाजती तोवर सुकाणू जाग्यावर हाय म्हनायचं.

म्हणजे इंजिन धडधाकट होतं, आणि मी ते बंद केलं होतं.

तो रोज येऊन बसायला लागला. हात बरा झाल्यावर कमलच्या पैशांचं डिझेल घालून आम्ही रिकामी नाव न्यायचो आणायचो, मी इंजिनाकडं पाठ करून सांगायचो, तो तंबाखू थुंकून म्हणायचा, चूक. त्याला बसलेलं बघून माणसं एकेक करून परतली. पारूबाई सगळ्यांच्या शेवटी आली, आणि तिनं विचारलं ते मला नाही, त्याला, ह्यांना ऐकू येतंय का आता? नामाभाऊ म्हणाला, निम्मं.

त्या निम्म्याचं पुरं व्हायला वर्षं गेली. आता एक्याऐंशी साल आहे. आमच्या घाटाशेजारीच पुलाचे खांब उभे राहिलेत, पुढच्या साली नावेत कोण बसणार. नामाभाऊला दिसत नाही. परवा भरल्या पाण्यात मी पाठ करून सगळे आवाज सांगितले, तो थुंकला नाही. म्हणाला, आता ही तुझी. मी म्हटलं, भाऊ, आता माझी होऊन काय उपयोग. तो म्हणाला, उपयोगाचं म्या कुठं म्हटलं, आन् हात पुढं केला.

दिले. एक्कावन्न रुपये, रोख, नामदेव नावाडी यांच्या हातात. हजर कमल आणि पारूबाई.