प्रश्न फक्त दोन इंचांचा होता

...हौस म्हणून नाही हो! हे आधीच सांगून टाकतो, कारण माझी ती जमिनीला टेकलेली पिकअप बघून प्रत्येकाला तेच वाटतं. परवा सिग्नलला एक मोटरसायकलवाला शेजारी येऊन थांबला, त्याने गाडीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, माझं टक्कल, माझा चष्मा, मागे दोरीने बांधलेली तीन वॉशिंग मशिनं... आणि अंगठा वर करून म्हणतो, "काका, कडक!" कडक? अहो, मी चौपन्न वर्षांचा माणूस, लोकांची वॉशिंग मशिनं दुरुस्त करतो, पंपात अडकलेला जोडीतला एक मोजा बाहेर काढतो, माझ्या आयुष्यात कडक काय असणार? पाठ! सकाळी उठल्यावर पाठ असते कडक!

मग गाडी खाली का, विचाराल. तुम्हाला सांगतो. आमच्या हिचे गुडघे. पिकअप ही बसायची गाडी नाही, चढायची गाडी आहे, आणि हिला चढता येईना. मग मी एक स्टूल केलं. म्हणजे काय करायचं, तर मी आधी उतरायचं, पळत पलीकडे जायचं, स्टूल ठेवायचं, ही चढली की दार लावायचं, पळत परत यायचं, गाडी सुरू करायची आणि निघायचं... स्टूल तिथेच! तीन स्टुलं गेली अशी. एक बँकेसमोर, एक डॉक्टरांच्या दारात, आणि तिसरं कुठे ते आजवर कळलेलं नाही. तिसऱ्याच्या वेळी ही भर रस्त्यात उभी राहिली आणि म्हणाली, "मी काही आता वर येत नाही. तुमच्या गाडीलाच सांगा खाली यायला."

सांगितलं. गाडीने ऐकलं. पुढे आखूड स्प्रिंगा घातल्या, मागच्या स्प्रिंगांच्या पाट्यांना ठोकळे बसवले, गाडी बसली खाली. ही दार उघडायची, वरचं हँडल धरायची आणि पाठ टेकायची, घरातल्या खुर्चीत बसावं तशी. पहिल्याच दिवशी म्हणाली, "एवढंच करायचं होतं तर तीन स्टुलं कशाला घालवलीत?"

सात वर्षं बसली. आता नाही. मागच्या वर्षी... असो. आपला विषय शॉकअपचा आहे.

तर गाडी खाली म्हणजे तिचं पोट जमिनीजवळ, बरोबर? पूर्वी मी एका वेळी दोनच मशिनं आणायचो, दोन फेऱ्या करायचो, तेवढंच हिचंही फिरणं व्हायचं. आता एकट्याने दुसरी फेरी कोण करतो? तीन टाकतो मागे आणि येतो. पण तीन टाकली की मागची बाजू बसते, आणि आमच्या फाटकात तो चढ आहे ना, तिथे... खर्रर्रर्र! अख्ख्या गल्लीचे दात शिवशिवतात. शेजारी निवृत्त मास्तर राहतात, ते खिडकीतून म्हणणार, "आज तीन आणलीत वाटतं?" आवाजावरून मोजतात हो! एक दिवस तर सायलेन्सर फाटकातच राहिला, मी आत आणि सायलेन्सर बाहेर, आणि मास्तर म्हणतात, "चार?"

तेव्हा काहीतरी करणं भाग होतं. आणि करायचं काय होतं? मागून दोन इंच उचलायची. प्रश्न फक्त दोन इंचांचा होता!

पण माझा मेहुणा आला ना. हिचा धाकटा भाऊ. आयुष्यात हातात पाना धरलेला नाही, पण जगातले सगळे विषय संपवून बसलेला. "भाऊजी, ठोकळे काढा, स्प्रिंगा बदला, होती तशी उंच करा. संपला विषय!" मी म्हटलं, नको रे, खाली असली की वळणावर पकड चांगली राहते. तो म्हणतो, "भाऊजी, तुम्ही तीसच्या वर जात नाही." मी म्हटलं, गुरुत्वमध्य! गुरुत्वमध्य म्हटलं की माणसं थोडा वेळ गप्प बसतात, करून बघा. मग मुलीचा फोन. तिला मामाने सांगितलं असणार. ती म्हणाली, "बाबा, खाली आईसाठी केली होती ना? मग आता..." आणि थांबली. मी म्हटलं, जेवलीस का?

आता गाडी उंच करायची नाही आणि घासायलाही द्यायची नाही, म्हणजे उरलं काय? हवेचे शॉकअप. मागे घालायचे फक्त, पुढची बाजू जशीच्या तशी खाली. शॉकअपवर रबराची पिशवी असते, टायरसारखी हवा भरायची, मागची बाजू उचलली जाते, माल उतरला की हवा सोडायची, गाडी खाली. असं मेकॅनिकने सांगितलं. सांगितलं म्हणजे काय, त्याच्याकडून काढून घेतलं, कारण तो माणूस प्रश्नाला प्रश्नानेच उत्तर देतो. मी विचारलं, कधी होईल? तर, "कधी हवीय?" मी म्हटलं, काल. तर, "मग काल का नाही आणलीत?"

त्याने सांगितलं, जुन्या शॉकअपची लांबी मोजून आणा. आता मोजायचं म्हणजे गाडीखाली जायला हवं. आणि गाडीखाली जागा असती तर मी हे सगळं कशाला करत होतो? डोकं गेलं, पोट जाईना. मग जॅक लावला, गाडी उचलली, आरामात सरपटत आत गेलो, टेप लावली, माप लिहून घेतलं, आठवड्याने शॉकअप आले, बसवले, आणि मी तीन मशिनं टाकून निघालो. तुम्हाला सांगतो, पहिल्या खड्ड्याला मी छताला! दुसऱ्या खड्ड्याला मशिनं छताएवढी! प्रत्येक दगड थेट मणक्यात. परत गेलो.

"मोजलंत तेव्हा गाडी कशावर होती?"
"जॅकवर."
"जॅकवर का?"
"खाली जाता येत नव्हतं."
"का?"
"अहो, गाडी खाली आहे म्हणून!"
"मग चाकं लोंबकळत होती?"

होती. चाकं लोंबकळली की शॉकअप ताणलेला असतो, म्हणजे मी मोजली ती ताणलेली लांबी, म्हणजे नवे शॉकअप लांब, म्हणजे गाडी खाली आली की ते आधीच पूर्ण दबलेले, म्हणजे शॉक घ्यायला उरलो मी. किती लांब? दोन इंच! प्रश्न फक्त दोन इंचांचा होता!

परत मागवले. आखूड आले. बसवले. आता दोन्हींना मिळून एकच हवेची नळी. मी म्हटलं, चालेल ना? म्हणतो, "का नाही चालणार?" पहिल्याच वळणावर कळलं का नाही चालणार. गाडी डावीकडे कलली की डाव्या शॉकअपमधली हवा उजवीकडे पळते, डावी आणखी बसते, उजवी आणखी उठते, आणि तीन मशिनं एका ओळीने डावीकडे चालायला लागतात. परत गेलो. मग दोन नळ्या, दोन व्हॉल्व्ह, नंबरप्लेटच्या शेजारी. हात धुता धुता मेकॅनिकने आयुष्यातलं पहिलं उत्तर दिलं, "पूर्ण रिकामं कधी करायचं नाही. थोडी हवा ठेवायचीच. नाहीतर आतलं रबर दुमडून स्वतःलाच खातं." मी म्हटलं, किती ठेवायची? "किती ठेवता येईल?"

घरी आलो. तीन मशिनं मागे. फाटक आलं, चढ आला... काही नाही. आवाजच नाही! मास्तर चपला घालून बाहेर आले, "बरं आहे ना सगळं?" आणि मी मशिनं उतरवली, मागे गेलो, व्हॉल्व्ह दाबला, फुस्स... गाडी हळूच बसली, आपल्या जागी. मी दाराजवळ उभा राहून बघितलं. पायरी माझ्या गुडघ्याच्या खाली, जिथे होती तिथेच. म्हटलं, झालं. आता कोणी काही विचारायचं नाही.

आणि रविवारी मेहुणा सासूबाईंना घेऊन आला. हिची आई, वय अठ्ठ्याहत्तर, गुडघ्यांचं दुखणं मुळात त्यांचंच, हिने फक्त पुढे चालवलं. मेहुण्याने नवी उंच गाडी घेतलीय, तिच्यात त्यांना दोघांनी धरून चढवावं लागतं. मला म्हणाल्या, "जावईबापू, तुमची ती खालची गाडी अजून खालीच आहे ना?" मेहुणा भिंतीकडे बघायला लागला. संपलेला विषय चालत दारात आला होता!

गेल्या त्या गाडीपाशी. उघडलं दार. तुम्हाला सांगतो, त्या दाराने वर्षभर कोणी आत गेलेलं नव्हतं. मी त्या सीटवर हत्यारांची पेटीसुद्धा ठेवत नाही. माझ्या तोंडाशी आलं होतं, आई, आज नको, मागे माल आहे, गुरुत्वमध्य... तेवढ्यात त्यांनी विचारलं, "ती हाताने कुठे धरायची?"

मी वरचं हँडल दाखवलं.

धरलं. पाठ टेकली. बसल्या, पण जरा धापा टाकत, कारण त्या हिच्यापेक्षा बुटक्या. किती? बरोबर. दोन इंच. मी पलीकडून येऊन स्टिअरिंगमागे बसलो, गाडी बंदच होती. मग म्हणाल्या, "बरी आहे. सोमवार, बुधवार, शुक्रवार मला व्यायामाच्या डॉक्टरांकडे न्यायचं. याच्या गाडीत मी बसणार नाही. पण जावईबापू, अजून थोडी खाली होत नाही का हो?"

मी उतरलो, मागे गेलो, व्हॉल्व्ह दाबला, फुस्स... आता हवा मागची, सीट पुढे, फरक पडला असेल जेमतेम बोटभर. आतून आवाज, "झाली का?" "झाली, आई." "अजून?" मी म्हटलं, याच्या खाली नाही जात, थोडी हवा ठेवावी लागते, रबर फाटतं नाहीतर. त्या म्हणाल्या, "मग राहू दे. नका फाडू. तुम्ही असं करा, एक छोटंसं स्टूल ठेवत जा गाडीत."

काय बोलणार सांगा? रात्रभर नाही, तासाभरात केलं. चार पाय, वर फळी, हात बसलेला आहे आता. त्या रात्री आमच्याकडेच राहिल्या, सोमवारी सकाळी त्यांना बसवलं, दार लावलं, पळत आलो, फाटकातून निघालो, घासलं नाही, वळणावर कललो नाही, खड्ड्यात उडालो नाही, त्यांना डॉक्टरांकडे सोडलं, पुन्हा चढवलं, पुन्हा घरी आणलं, इतकी सुंदर चालली गाडी...

स्टूल डॉक्टरांच्या दारात आहे.