औतार्किया आणि विहिरीजवळचं भात

व्हायोलेट : थांब थांब, परत म्हण. औ... काय?

जॉयस : औतार्किया! ग्रीक शब्द आहे, बायबलातला. फादरनी मला शोधून काढायला दिला. उद्या आगेऱ्याची, नव्या भाताच्या सणाची, चर्चमधली मिस्सा संपली की अख्ख्या डोंगरी गावासमोर पाच मिनिटं मी. माईकवर!

व्हायोलेट : अर्थ काय त्याचा?

जॉयस : पुरेसं असणं. पण एवढ्यावर नाही भागत बाई, तीन-तीन अर्थ आहेत. जुने ग्रीक पंडित म्हणायचे, ज्याला कोणाचीच गरज लागत नाही, त्याच्याकडे औतार्किया. मला हाच जाम आवडला.

व्हायोलेट : तुला आवडणारच.

जॉयस : म्हणजे?

व्हायोलेट : काय न्हाय. मी भातासाठी आलीय जॉयस. उद्या वेदीपुढं नव्या भाताची पेंढी मी नेणार, आणि नेणारीनं ती आपल्या माणसांच्या शेतातलीच न्यायची असते. आमच्या पाली गावात शेत कोणाचं हाय? पप्पांच्या जाळ्यात बोंबील येतात, लोंब्या न्हाय येत. मावशीचं शेत तेच माझं.

जॉयस : परवाच सांगितलं ना तुला? कापून झालं, झोडून झालं, संपलं.

व्हायोलेट : एक मूठ पण न्हाय?

जॉयस : नाही गं. मी तरी काय करू?

व्हायोलेट : मग सकाळी फादरना सांगते. ते म्हणाले, तुला नाही मिळाली तर पेंढी घेऊन जॉयस पुढं चालेल.

जॉयस : हो, मला पण म्हणाले. वाईट वाटतंय, खरंच. पण कोणीतरी तर न्यायलाच पाहिजे.

व्हायोलेट : तू कुठली पेंढी नेणार?

जॉयस : आमच्या शेतातली.

व्हायोलेट : संपलेल्या?

जॉयस : तू आधी हे माझं भाषण बघ ना.

आई : कोण, व्हायोलेट? बरी आलीस गो पोरी. विहिरीजवळचा तुकडा तसाच ठेवलाय तुझ्यासाठी. जॉयसला आठ दिवस झाले सांगून, तुला निरोप दे म्हणून. मिळाला न्हाय?

व्हायोलेट : मिळाला मावशी. आत्ता मिळाला.

जॉयस : बघतेस काय अशी? हो, खोटं बोलले! सगळं तुलाच का? लाल लुगडं तुला, केसांत फुलं तुला, बँड तुझ्यामागे. आणि मला काय? जीभ अडकेल असला शब्द! मेल्विनमामा फोटो काढणार, मस्कतला पाठवणार, आणि माझे डॅडी तिकडे बसून तुझा फोटो बघणार. पेंढी हातात घेतलेली व्हायोलेट! मी कुठे त्यात? माईकच्या मागे, अर्धं तोंड!

आई : जॉयस!

जॉयस : बोलू दे ना मला!

व्हायोलेट : मी मागितलं नव्हतं. फादरनी नाव घेतलं.

जॉयस : तेच तर! तुला मागावं पण लागत नाही.

आई : ते हातातलं भाषण वाच पुढं. ऐकू दे मलाही.

जॉयस : आता मूड नाहीये.

व्हायोलेट : इकडं दे, मी वाचते. "दुसरा अर्थ, समाधान. तिमथीला धाडलेल्या पत्रात लिहिलंय, खायला आणि ल्यायला मिळालं की बस मानावं. संत पौल तुरुंगात होता, तिथून म्हणतो, जे आहे त्यात राहायला मी शिकलो." 'शिकलो' का म्हणतो गं? संतांना आधीपासून येत न्हाय?

जॉयस : नाही येत. त्यालाही शिकावं लागलं. मला भारी बरं वाटलं ते वाचून.

व्हायोलेट : "तिसरा अर्थ." इथं नुसती रेघ मारलीय.

जॉयस : तो अजून पाठ नाही झाला.

आई : पाठ नको. नुसता सांग.

जॉयस : पौलानं करिंथकरांना लिहिलेल्या पत्रात आहे. तिथे म्हणतो, देव पुरेसं देतो ते कशाला, तर... आई, राहू दे ना.

आई : कशाला?

जॉयस : चांगल्या कामाला कमी पडू नये म्हणून. दुसऱ्याला देता यावं म्हणून! झालं समाधान? शब्द तोच, आणि काम एकदम उलटं. ग्रीक पंडित म्हणतात कोणाची गरज नको. हा म्हणतो, तुझ्याकडे आहे ना, मग हात सैल सोड. आठ दिवस मी त्या पानावर अडकलेय. वाचलं की ते विहिरीजवळचं भात दिसतं.

व्हायोलेट : मी जाऊ?

जॉयस : कुठे चाललीस? आई, विळा दे.

(विहिरीजवळच्या तुकड्यात, थोड्या वेळानं.)

व्हायोलेट : बस झालं गं. एवढं पुरे.

जॉयस : गप. एवढीशी मूठ घेऊन वेदीपुढे जाणार? लोक म्हणतील, डोंगरीत दुष्काळ पडला. बांध इथे, घट्ट.

व्हायोलेट : अजून जळतेयस?

जॉयस : खूप. बोलू नको माझ्याशी.

व्हायोलेट : बरं.

जॉयस : आणि अशी नको धरू, वेडे. फिरव. भरलेल्या लोंब्या ह्या बाजूला आहेत, त्या फोटोत आल्या पाहिजेत.