वीस सुया आणि एक काटा

...आन् डोकं तपासा म्हणे! वाफेचा नळ फुटला गिरणीचा, माणूस गेला गिरणीचा, आन् तपासायचं काय, तर गुरप्पाचं डोकं. तपासा की, आमची ना न्हाय, पर आधी... जाऊ द्या. असं मधनंच सांगितलं तर तुमास्नी काय कळणार? बसा. पाय पसरून बसा, सुपारी कातरते आन् पयल्यापासनं सांगते.

तर आपल्या सोलापुरात एक हुता गुरप्पा, एक हुती त्याची निंगव्वा, आन् दोघांच्या संसाराच्या मधी हुता एक काटा. काटा म्हंजे बॉयलरच्या घड्याळाचा. गिरणीच्या रंगखात्याला वाफ लागती, ती बॉयलरात किती साठली ते दाखवायला भाकरीएवढं घड्याळ, त्यात एकच काटा, आन् म्होरं एक लाल रेघ. काटा रेघेजवळ आला की गुरप्पानं हाक मारायची, आन् खाली जाळावर असलेल्या ईश्वरानं कोळसा थांबवून वाफ सोडायची. दिवसभर बगत बसायचं, एवढंच काम. तुमी म्हणाल, ह्यात काय? एक घटका भिताडाकडं बगून दावा, मंग बोलू.

ह्या कामाला गुरप्पाच का? तर रेवणप्पा जॉबर, म्हंजे खात्याचा मुकादम, लई हुशार. त्यानं बगितलं हुतं, गुरप्पा सकाळी आंघोळ करून डाव्या तळहातावर गळ्यातलं इष्टलिंग घेतो आन् त्याकडं बगत बसतो, ते निंगव्वाच्या समद्या भाकरी भाजून होईस्तवर पापणी हलत न्हाय. जॉबर म्हणला, असं बगणारं माणूस गिरणीत दुसरं न्हाय, बसवा ह्याला काट्याम्होरं. सात वर्सं बसला. एक दिवस चुकला न्हाय.

दुष्काळ सरून दोन सालं झाली हुती. दुपारी खणकन नळ फुटला, आन् खाली ईश्वर हुता. पुढचं मी सांगत न्हाय, तुमी जेवून आलायसा. तिसऱ्या दिवशी गेला बिचारा. काट्यावरनं हाक आलीच न्हाय, हे समद्यांनी सांगितलं. गुरप्पाबी तेच म्हणला. हाक मारली न्हाय, कारण काटा रेघेच्या लई खाली हुता. कोण ऐकतंय?

ईश्वराची बायकू चांगुणा समोरच्याच चाळीत. तिनं ना शिवी दिली, ना छाती बडवली. दहाव्या दिवशी पाण्याच्या नळावर गुरप्पा दिसला तवा हंडा खाली ठेवून एवढंच इचारलं, "भाऊ, तू बगत हुतास न्हवं?"

गुरप्पा म्हणला, "बगत हुतो, बाई."

तिनं हंडा उचलला आन् दुसऱ्या नळाला गेली. ते त्याला लागलं बघा. नोकरी गेली असती तर चिंचा फोडून दोघं जगली असती. पर रोज पाण्याला जाताना ती बाई वळसा घालून जायची, आन् हा हितं भाकरी मोडून तशीच ठेवायचा.

मॅनेजर म्हणला, पोलिसात देत न्हाय, पर तू डोळं उघडं ठेवून झोपला हुतास. मोठ्या दवाखान्यात पुण्याचा डॉक्टर आलाय, माणूस टक लावून बगतो तवा मेंदूत काय चालतं ते कागदावर उतरवतो. तिकडं जा. डोकं तपासा म्हणे!

निंगव्वानं निघताना बजावलं, "घाबरू नगासा. दिवा दावतील, तर लिंगाकडं बगता तसं बगा. मंग कोण काय म्हणतंय बगू." बाई शहाणी, पर तितंच घात झाला.

दवाखान्यात त्याला खुर्चीत बसवलं. केसांत चिकट मलम चोपडलं, त्यावर वायरी डकवल्या, एक न्हाय दोन न्हाय, वीस. मोजल्या त्यानं. गळ्यातली लिंगाची चांदीची डबी काढ म्हणाले, तर ह्यानं मुठीत धरली, म्हणला जीव गेल्यावरबी हे माझ्यासंगं मातीत जाणार, वायरीसाठी कसं काढू? डॉक्टर भला माणूस, म्हणला असू दे. म्होरं एक दिवा. दिवा मंद झाला की बटण दाबायचं. पलीकडं कागद पळतोय आन् त्यावर वीस सुया नाचत्यात, उंदरं धान्यात शिरल्यागत.

गुरप्पानं दिव्याकडं बगितलं. लिंगाकडं बगतात तसं. आन् तुमास्नी सांगते, सुया हळूहळू शांत झाल्या, तळ्यातल्या लाटा जशा, एकीमागं एक, सावकाश... हाताखालचा पोरगेला डॉक्टर हसला, म्हणला, "सर, हा झोपला."

पुण्याचा म्हणाला, "झोपला कसा? चाळीस वेळा दिवा मंद झाला, चाळीस वेळा त्यानं बटण दाबलंय."

मंग त्यानं इंग्रजीत कागद लिहिला, दोन ओळी. वर लिहिलं, टक लावून बगताना ह्याचा मेंदू इसावा घेतल्यागत शांत असतो. खाली लिहिलं, तरीबी ह्याची नजर एकदाबी चुकत न्हाय. गिरणीच्या कारकुनानं किती वाचल्या? एक. डोळं उघडं, डोकं झोपलेलं, झालं. गुरप्पा घरी.

निंगव्वा शिकेकाई लावून मलम काढत हुती आन् रडत हुती. मीच सांगितलं लिंगासारखं बगा म्हणून, मीच बुडवलं. गुरप्पा म्हणला, "चांगुणाला काय सांगू आता? तिला वाटणार, यंत्रबी तेच म्हणतंय."

त्याच्या जागी सिदू बसला, तरणा गडी, डोळं घारीगत. महिनाभर भीतीनं जाळच कमी घालायचे. मंग कापडाची घाई आली, जाळ वाढला, आन् परत नळ फुटला. ह्या खेपेला खाली कोण न्हवतं, देवाची दया. सिदूचा हात भाजला. सिदू काय म्हणला? काटा खाली हुता. मॅनेजर काय म्हणला? ह्याचंबी डोकं तपासा म्हणे!

गेला बिचारा हाताला पट्टी बांधून. पुण्याच्या डॉक्टरनं समदं ऐकून घेतलं. वायरी हातात घेतलेल्या परत ठेवल्या आन् सोबत आलेल्या रेवणप्पा जॉबरला म्हणाला, "माणूस दुसरा, काटा तोच. आता डोकं आणू नका. काटा घेऊन या."

जॉबर तसाच माघारी फिरला, घड्याळ उपसलं आन् टॉवेलात गुंडाळून दवाखान्यात हजर. मागचं झाकण काढलं, तर आतली स्प्रिंग गंजून तुटलेली. डॉक्टरनं बोटानं काटा रेघेपार नेला, तितंच बसला. खाली आणला, तितंच बसला. नव्या सुनेगत, जितं ठेवाल तितं. वीस सुया लावून माणसाचं डोकं बगितलं हो, आन् ह्या एका काट्याच्या मागं कुणी डोकावलं न्हाय.

जॉबर टॉवेल घेऊन थेट चांगुणाच्या दारात. काटा तिच्या हातात दिला. तिनं लई येळ तो हलवून बगितला. दुसऱ्या दिवशी गुरप्पाच्या नळावर आली, हंडा त्याच्या हंड्याला लावून ठेवला, म्हणली, "भाऊ, तू बगत हुतास."

मंग काय, दिवस पालटले. गुरप्पाला मानानं परत घेतलं, कायम केलं. चांगुणाला सुताच्या कांड्या भरायच्या खात्यात जागा दिली. निंगव्वानं सिद्धेश्वराला नारळ फोडला, दोन घरांत हुग्गीचं, म्हंजे गव्हाच्या गोड खिरीचं जेवण झालं. घड्याळ नवंकोरं आलं, इलायती म्हणत्यात.

नुसतं एक झालं. गुरप्पा आता पूजेला बसला की मधनंच मुद्दाम पापणी हलवतो, कुणी झोपला म्हणू नये म्हणून. आन् गिरणीनंबी शहाणपण घेतलं बघा. गुरप्पा काट्याकडं बगतो, आन् गुरप्पाकडं बगायला सिदूला बसवलाय.

आन् घड्याळाचं मागचं झाकण? ते कुणी उघडायचं, ते अजून ठरायचंय.