मावशीची गोफण अन् ड्रोन

ड्रोन पाडणारी बाई पाह्यली का तुमी कधी? ते माही सोनाळ्याची मावशी!

मामेभावाचं प्री-वेडिंग शूटिंग तिच्याच वावराच्या धुऱ्यावर चालू होतं. मावशी मचाणावर बसून ज्वारीवरची पाखरं हाकलत होती. ड्रोन कणसांवर आला अन् मावशीनं गोफण फिरवली. एकाच गोट्यात खाली!

फोटोग्राफर बोंबलत आला, "मावशी, काऊन पाडला जी? त्याले उडायची परवानगी हाय!"

"सरकारची असन. माह्या ज्वारीवर राघूलेही नाही!"

मग त्यानं रडकुंडीले येऊन ड्रोननं काढलेलं शेवटचं शूटिंग दाखवलं. मावशी, गरगर गोफण, अन् गोटा सरळ कॅमेऱ्यावर! मावशी पाहतच राह्यली. मले वाटलं, आता माफी मागते.

तं म्हणते, "पुन्हा उडव बे. या टायमाले डोक्यावर पदर घेते!"