मोगऱ्याला दिलेला ताण

फुलझाडाला कळी आली म्हणून कुणाच्या पोटात गोळा आलेला पाहिलाय का हो तुम्ही? माझ्या आला! तुम्हाला सांगते, चार वर्षं आमच्या खिडकीखालचा मोगरा नुसता पानांनी माजलेला, फूल म्हणून नाही, आणि मी आपली दोन वेळा झारीभर पाणी घालतेय, खत घालतेय, गोंजारतेय... आणि एक दिवस सासूबाई, वय वर्षं शहाऐंशी, चहात बिस्किट बुडवता बुडवता म्हणाल्या, "सूनबाई, हा मोगरा पूर्ण फुलला की मी जाणार." मी म्हटलं, "कुठे, वन्संकडे?" तर बोट वर केलं! बिस्किट बुडालं ते बुडालंच.

बरं, बोलून गप्प बसतील तर त्या सासूबाई कसल्या? लगेच दाराच्या बिजागऱ्यांना तेल घालायला लावलं. का, तर "माणसं येतील, दार करकरायला नको." मग खुर्च्या मोजल्या. "आठच? कसं व्हायचं गं!" मग आपली चांगली शाल मला दिली, आणि मी घेतली... माझं काय चुकलं, तुम्हीच सांगा!

ह्यांना सांगितलं, तर वर्तमानपत्रातून डोकं न काढता, "आई गंमत करतेय." आणि संध्याकाळी गुपचूप चार खुर्च्या घेऊन आले! नणंदेचा फोन, "वहिनी, त्या मेल्या झाडाला पाण्याचा थेंब दाखवू नका! वाळू दे!" उपटावं, तर सासूबाई दिवसभर खिडकीशी. म्हणून मी पाणी तोडलं. पंधरा दिवस थेंब नाही. पानं पिवळी पडली, मला रडू यायचं, पण म्हटलं, बाबा रे, तू नाहीतर त्या! उरलेली पानं ओरबाडली, "छाटणी करतेय हो" म्हणत कात्रीने फांद्या गुडघ्याइतक्या छाटल्या, नुसत्या काड्या उरल्या. सासूबाई खिडकीतून बघत होत्या. हसत होत्या. ते हसणं मला मुळीच आवडलं नाही...

पण त्या काड्या रोज डोळ्यांसमोर! जीव कळवळला हो, बादलीभर पाणी ओतलं. एकच बादली! माझं काय चुकलं, तुम्हीच सांगा!

आठवड्यात काड्यांना हिरवे कोंब फुटले, आणि पाठोपाठ... कळ्या! रोपवाटिकेतले माळीकाका कुंपणाशी थबकले. "वा ताई! काय ताण दिलाय झाडाला! पाणी तोडायचं, छाटायचं, मग एकदम पाणी... अगदी बरोबर केलंत! चार वर्षं लाड करून आळशी केलं होतंत त्याला." मी म्हटलं, "काका, हे आता थांबवायचं कसं?" "थांबवायचं? आता ब्रह्मदेव आला तरी थांबत नाही!" किती आनंदाने सांगावं माणसाने!

कळ्या खुडाव्यात म्हणून वाकले, तर खिडकीतून आवाज, "बावीस आहेत. मोजल्यात मी."

मग काय, कळ्या रोज टपोऱ्या होतायत आणि घर रोज दबकतंय. कुणी मोठ्याने शिंकत नाही. नणंद भेटायला आली, तर तेल घातलेलं दार उघडलेलंच कळलं नाही, ती एकदम मागे उभी, आणि आम्ही दोघं नवराबायको किंचाळलो! सासूबाई म्हणाल्या, "सराव करून ठेवा."

त्या संध्याकाळी कळ्यांची तोंडं किलकिली झाली. घरभर वास... इतका गोड, की श्वास घ्यायची भीती वाटावी. सासूबाईंनी इस्त्रीची साडी उशाशी ठेवली, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "चांगलं केलंस हो झाडाचं." चांगलं केलं! आता ह्यात माझं काय चुकलं, तुम्हीच सांगा...

दुसऱ्या दिवशी सकाळी एकवीस फुलं उमलली होती, बाविसावी कळी देठासकट खुडून सासूबाईंनी मुठीत धरली होती, "एक राहिली गं," म्हणाल्या, आणि मी चहा टाकला.