मॅडमचा प्रस्तावक

तुम्ही मला 'पार्षदपती' म्हणून चिडवता ना, मग हे ऐकाच. आमचा ब्राह्मणपाऱ्याचा वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला, तेव्हा पार्षद, म्हणजे तुमच्याकडचा नगरसेवक, व्हायची हौस माझी होती, पण फॉर्म बायकोचा, सुनंदाचा भरावा लागला. मी राज्यशास्त्राचा प्राध्यापक. वाटलं, नाव तिचं, कारभार माझा. ती निवडून आली आणि पाच वर्षांत मला कुणी नळाची तक्रारसुद्धा सांगितली नाही. सगळे थेट तिच्याकडे.

पुढच्या खेपेला वॉर्ड खुला झाला. सुनंदा म्हणाली, "तुमच्या मनात आहे नं? मंग तुम्हीच राहा उभे."

मी फॉर्म भरला, तीनदा तपासला आणि प्रस्तावकाची, म्हणजे नाव सुचवणाऱ्याची, सही घ्यायला शेजारच्या साहूजींकडे गेलो. त्यांनी न वाचताच पेन उघडलं.

"दीदी का ही है ना, सर?"

"नहीं, इस बार मेरा."

त्यांनी टोपण परत लावलं. "काहे सर? दीदी की तबीयत तो ठीक है?"

घरी येऊन मी कोरा फॉर्म काढला आणि त्यावर सुनंदाचं नाव लिहिलं.

"काहून? घाबरले का?" तिनं विचारलं.

"हो. तू नसलीस तर वॉर्डाचं काय होईल, याला घाबरलो." प्रस्तावक म्हणून सही मीच केली.

खुल्या वॉर्डातून ती पुन्हा जिंकली. आज ती नगर निगमची, म्हणजे महापालिकेची, सभापती आहे. परवा तिचा डबा घेऊन गेलो, तर नव्या चौकीदारानं अडवलं, "आप कौन?"

या प्रश्नाला मी इतकी वर्षं अडखळलो. परवा नाही अडखळलो.

"मॅडम का प्रस्तावक."