भरलेलं खातं आणि बंद गॅस

कुणी विश्वास ठेवला असेल तर शपथ! घरात काही बिघडलं की बोट माझ्याकडे, का, तर मी चौथी शिकलेली. तुम्हाला सांगते, फोनवर लाल अक्षरं आली, ऑनलाइन खात्यातली जागा संपली, आता नवीन काही येणार नाही. आणि शाळेच्या साठ गणवेशांची मापं त्याच खात्यात यायची होती, संध्याकाळच्या आत! नाही पोचली तर काम दुसऱ्या शिलाईवालीकडे. लेक म्हणते, "आई, तूच भरलंस. तुझी ती सुप्रभातवाली फुलं!" अगं, फुलं अशी किती जागा खातील? मी नाही भरलं!

तरी पुसली. फुलं पुसली, ब्लाऊजचे गळे पुसले, बहिणीच्या नातवाचा पहिला दातसुद्धा पुसला. आकडा जागचा हलेना! मग कळलं, पुसलेलं कचरापेटीत जाऊन बसतं आणि तिथूनही जागा अडवतं... निघतो निघतो म्हणत दारात तासभर उभ्या राहणाऱ्या पाहुण्यासारखं. कचरापेटी रिकामी केली. तरी भरलेलंच. लेक कमरेवर हात ठेवून, "मग काय भूत भरतंय?" ते मला काय ठाऊक? मी नाही भरलं, एवढंच ठाऊक.

शेवटी तिने सगळ्यात जड काय ते वर येईल अशी यादी लावली. बघते तर व्हिडिओ. दोनशे बारा! एक उघडला... आमची शेगडी. दुसरा... शेगडी. तिसऱ्यात शेगडीचं बटण, आणि मागून सासऱ्यांचा आवाज, "सकाळचे सात दहा. गॅस बंद." माझा जुना फोन त्यांना दिलेला, त्यात खातं माझंच राहिलं होतं. जन्मभर दारोदार विजेचे मीटर वाचत फिरलेला माणूस हो, वेळ सांगितल्याशिवाय नोंद कशी करेल?

पण व्हिडिओ थांबवायला विसरायचे. फोन खिशात, पुढे पाऊण तास नुसता अंधार. अंधारात आवाज... माझा. "गॅस बंद केलात? नक्की? दूध जाळलंत, एक दिवस घर जाळाल!" "केला गं." "तुमचं केला म्हणजे मीच जाऊन बघायचं!" दहा मिनिटांनी पुन्हा तेच, पुन्हा मीच. दूध एकदा करपलं होतं. एकदाच. आणि शेगडी दोनशे बारा वेळा बंद होती.

वळून बघते तर मामंजी दारात. म्हटलं, "पुसावे लागतील हो, साठ पोरांची मापं अडलीत."

"पूस की," म्हणाले. मग वळता वळता, "आजचा तेवढा ठेव. अजून तू विचारलं नाहीस."

पुसले. एक ठेवला. मापं आली. संध्याकाळी हे कामावरून आले, चपला काढता काढता, "काय, सापडला का चोर?" लेक "आजो..." म्हणते तोवर मीच तिला गप्प केलं. म्हटलं, पोरगी सकाळपासून खरं सांगत होती, मीच उगाच भांडले. खातं भरलं ते... तुमच्या बायकोने.